नुसता उजेड

(गंगाखेडपासून दोन कोसांवरचं गाव. दुपारी सुमनचं लगीन लागलं, पंगती उठल्या. आता नवरानवरीचे मावळतीचे फोटो काढायचे म्हणून फोटोग्राफर बन्सीधर गोदावरीच्या वाळवंटात येऊन थांबला आहे. सूर्य अजून वर आहे. नवरीची थोरली बहीण दैवशाला एकटीच त्याच्या मागं वाळू तुडवत आली आहे.)

दैवशाला : तसं न्हाई मामा. आईचा फोटू आणलाय का न्हाई, एवढंच सांगा.

बन्सीधर : अगं, जरा बाजूला सरक बाई. उजेड बघू दे. अजून लय कडक हाय. ह्या उन्हात काढला तर नवरीचे डोळे चिंचोक्याएवढे येतेत. अर्धा तास तरी दम धरावा लागंल. सुमनला म्हणावं, सावलीतच थांब, पावडर उतरंल.

दैवशाला : सुमन बसलीय बाभळीखाली नवऱ्याजवळ. तिला काय घाई न्हाई, मला हाय. हितले फोटू झाले की तिची पाठवणी. जायच्या आधी तिला आईच्या पाया पडायचंय. आई न्हाई तर आईच्या फोटूच्या. आठ दिवसांमागं निरोप धाडला होता तुमाला, सूर्यभान तात्याजवळ.

बन्सीधर : आला होता सूर्यभान. सांगितलं त्यानं. खोटं कशाला बोलू.

दैवशाला : मंग?

बन्सीधर : मंग काय, निघायच्या गडबडीत ऱ्हायला बघ. लग्नसराईचे दिवस. काल परळीकडं होतो, परवा पालमला जायचंय. फ्लॅशच्या सेलसाठी दोन दुकानं फिरलो सकाळी. डोकं कुठं जागेवर असतंय?

दैवशाला : म्हंजे दुकानात हाय.

बन्सीधर : हां... दुकानातच असंल की.

दैवशाला : मंग काय अडचण न्हाई. किल्ली द्या. आमच्या ह्यांना फटफटीवर धाडते. गंगाखेड असं किती लांब हाय? दिवस मावळायच्या आत येतेत परत.

बन्सीधर : किल्ली? त्यांना काय सापडणार त्यात? निगेटिव्हची ही एवढी पेटी हाय. हजार पाकिटं. येळंवर माझं मलाच सापडत न्हाई.

दैवशाला : मामी दाखवतेल की. त्या असतेल घरी.

बन्सीधर : ती माहेरी गेलीय. जिंतूरला.

दैवशाला : तर मी सोता जाते ह्यांच्यासंगं. एक एक पाकीट उघडून बघते. मला वाचता येत न्हाई, पण आईचं तोंड वळखू येतंय.

बन्सीधर : आन पाठवणी?

दैवशाला : थांबंल पाठवणी. पाव्हणे रुसतेल, रुसू द्या.

बन्सीधर : दैवशाला, हिकडं वाळूत टेक जरा. ऐक. तुला कसं सांगू... तुझ्या लग्नातला तो रोल खराब झाला होता. नांदेडला धुवायला दिला होता, तिथं कायतरी घोळ झाला. शेवटचे फोटो जळाले. कोरे आले.

दैवशाला : शेवटचे?

बन्सीधर : हां. शेवटचे तीन-चार.

दैवशाला : शेवटचे तर ह्या वाळूतले होते, मामा. मंडपातून उठवून हितंच आणलं होतं आमाला. आईचा त्याच्या आधीचा. आन वाळूतले तिन्ही तर आलेत की! माझ्या सासरी भिताडाला लावलेत. एकात आमच्या ह्यांनी सूर्य तळहातावर धरलाय. आईचा जळला आन त्याच्या मागचे तिन्ही कसे काय वाचले?

बन्सीधर : लय हुशार हायस तू.

दैवशाला : हुशार असते तर चार वर्षं थांबले नसते.

बन्सीधर : हे बघ, उजेड पिवळा पडायलाय. आपण आधी सुमनचे काढून घेऊ. मंग निवांत बोलू.

दैवशाला : न्हाई. आत्ता बोला. मामा, मला तिचं तोंड बघायला मिळालं न्हाई. साखर कारखान्यावर पाचटाच्या कोपीत मेली ती, पौषात. थंडीताप आला आन तीन दिवसांत गेली. आमची ऊसतोडीची टोळी दुसऱ्या कारखान्यावर. निरोप आला, एष्ट्या बदलत गेलो, तवर आबांनी तिकडंच अग्नी दिला होता. मला राख दिसली. आता डोळे झाकले की तिचे हात दिसतेत, लुगडं दिसतंय, डोक्यावरची मोळी दिसती. तोंड दिसत न्हाई. चार-पाच महिन्यांत मी आईचं तोंड इसरायलेय. आन सुमनचं लगीन वरसाच्या आत उरकायचं म्हून घाईनं केलं, ती तर धड रडली बी न्हाई. जिंदगीत एकच फोटू काढलाय आमच्या आईचा. तुमी.

बन्सीधर : असं नको बोलू बाई.

दैवशाला : कामून नको? मी होते की तिथं. दिवसभर ती तुमच्या मागं मागं. "भाऊ, माझा आन लेकीचा एक काढा." तुमी म्हणायचे, "काढतो बाई, काढतो." सगळ्यांचे झाले. दिराच्या दोस्तांचे झाले, बैलांचा बी झाला. शेवटी आमी हिकडं यायला निघालो तवा तुमी म्हणले, "हं, उभी ऱ्हा." तिनं पदरानं तोंड पुसलं. माझा हात धरला. तिचा हात घामेजला होता. उजेड पडला. "झालं," म्हणले तुमी. तिनं इचारलं, "भाऊ, मी डोळे तर मिटले न्हाई?" तवा काय म्हणले तुमी, याद हाय का?

बन्सीधर : याद हाय.

दैवशाला : काय म्हणले?

बन्सीधर : "झकास आलाय," म्हणलो.

दैवशाला : मंग कुठं हाय तो झकास?

बन्सीधर : कुठंच न्हाई. मी काढलाच न्हाई तो.

दैवशाला : काढला न्हाई कसा? उजेड पडला की! माझ्या डोळ्यापुढं निळंपिवळं झालं.

बन्सीधर : उजेड फ्लॅशचा असतंय. हे बघ. फ्लॅशच्या मागं हे तांबडं बटण हाय. हे दाबलं की नुसता उजेड पडतंय. कॅमेऱ्यात काय जात न्हाई. आमच्या धंद्यात हे सगळे करतेत. लग्नात लोक पाठ सोडत न्हाईत, माझा काढा, ह्याचा काढा. रोल किती पुरणार? मंग नुसता उजेड पाडायचा. माणूस खूश होऊन बाजूला होतंय.

दैवशाला : आन आमच्या आईला बी तसंच बाजूला केलं.

बन्सीधर : रोलमधी तीन फोटो उरले होते. तुझ्या दिरानं सकाळपासून घोशा लावला होता. "मावळतीचे तीन पाहिजेत, सिनेमावानी. एक हातावर सूर्य धरलेला, एक पाठमोरा, एक समोरासमोर." दुसरा रोल मी आणला न्हवता. दिवस कलला होता, दीर हाका मारायला, आन तुझी आई पदर सावरून उभी. मी बटण दाबलं. एवढंच. मला वाटलं, कोण इचारणार हाय? ऊसतोडीची बाई. दिवाळी झाली की कारखान्यावर जाईल, इसरून जाईल.

दैवशाला : असं वाटलं तुमाला.

बन्सीधर : असंच वाटलं. आता तुझ्यापशी लपवून काय करू?

दैवशाला : ते तीन फोटू कसे आलेत, बघितलेत ना तुमी? सूर्य लाल, नदी लाल, आन आमी दोघं काळे ठिक्कर. सासू म्हणती, ह्यात दैवशाला हाय का तिची जाऊ, कळतच न्हाई. त्या काळ्या तोंडापायी माझ्या आईचं तोंड गेलं.

बन्सीधर : सूर्य पाठीमागं घेतला की तोंडावर फ्लॅश मारावा लागतंय. तवा मला ते येत न्हवतं. आईपुढं वाया घालवला तो फ्लॅश, आन पाहिजे होता तिथं मारलाच न्हाई.

दैवशाला : आन ती आली होती की तुमच्या दुकानात. तीन बारी. मला सांगायची ती, गावाला आले की.

बन्सीधर : काय सांगायची?

दैवशाला : पहिल्या बारीला म्हणली, "धुवायला टाकलाय म्हणं." पुढच्या बारीला म्हणली, "विद्यापीठाच्या नामांतराचा बंद चालू हाय म्हणं, गाड्या न्हाईत, नांदेडहून यायचाय." हे तुमीच सांगितलं ना?

बन्सीधर : मीच. बंद खरा होता, दोन दिवसांचा. मी तो महिनाभर चालवला.

दैवशाला : आन तिसऱ्या बारीला?

बन्सीधर : तिसऱ्या बारीला मी तिला दिसलोच न्हाई. लांबून येताना बघितलं आन डार्करूममधी जाऊन बसलो. बायकोला म्हणलो, सांग, परळीला गेलाय. तुझी आई म्हणली, "असू द्या, मी थांबते जरा." लय येळ थांबली. आत पंखा न्हाई, औषधाचा उग्र वास. मी घामानं निथळायलो. चाळिशीचा गडी मी, आन एका बाईच्या भ्यानं सोताला कोंडून घेतलेलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना बायकोला म्हणली, "भाऊला सांगा, घाई न्हाई." लाज वाटती मला, दैवशाला. अजून वाटती. ती गेल्याचं सूर्यभाननं सांगितलं तवा मी पहिलं काय म्हणलो असंल मनात? सुटलो, म्हणलो. आन त्या दिवसापासून जेवण गोड लागत न्हाई.

दैवशाला : हे मला कामून सांगायलेत? तिला सांगायचं होतं.

बन्सीधर : तिलाच सांगायचं होतं. तोंड उघडलं न्हाई.

दैवशाला : मंग आज आलेत कशाला? न्हाई म्हणायचं. गंगाखेडात काय दुसरा फोटूवाला न्हाई?

बन्सीधर : न्हाई म्हणायला बी हिंमत लागती. आबा दुकानात आले, म्हणले, सुमनचं हाय, या. मी मान हलवली. आज चार रोल आणलेत बघ. सकाळपासून कुणालाच न्हाई म्हणलो न्हाई. त्या चतुराबाईचा सुद्धा काढला, जिला दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई.

दैवशाला : त्यानं आमची आई येती का?

बन्सीधर : न्हाई येत. पण एक करता येतंय. रागावू नको, ऐक आधी. तुझ्यात तुझ्या आईची ठेवण हाय. कपाळ, हनुवटी, तीच. तुझा एक फोटो काढतो. डोक्यावरून पदर, मोठं कुंकू. केस टचिंग करून पांढरे करतो, दोन-चार सुरकुत्या घालतो. लोक करून घेतेत असं. सुमनला कळणार बी न्हाई. सोमवारपर्यंत फ्रेम करून...

दैवशाला : आन सुमननं माझ्याच पाया पडायचं? मामा, एक बारी नुसता उजेड दिला, आता नुसतं कुंकू द्यायलेत का?

बन्सीधर : चुकलो. सवय लागलीय जिभेला.

दैवशाला : आज किती बारी दाबलं ते तांबडं बटण?

बन्सीधर : एक बारी बी न्हाई.

दैवशाला : सुमन आन आबांचा काढला दुपारी, तो?

बन्सीधर : खरा हाय.

दैवशाला : उघडा तो डबा. आत रोल हाय का, दाखवा.

बन्सीधर : उघडला तर सगळं जळंल गं. अक्षता, सप्तपदी, आबा, सगळं. उजेड लागला की रोल गेला.

दैवशाला : म्हंजे परत तुमच्याच शब्दावर बसायचं मी.

बन्सीधर : माझ्या शब्दावर नको बसू. हिकडं ये. ह्या कडेचं हे चाक बघ. आत रोल असला आन मी अंगठ्यानं ही कळ ओढली, तर हे चाक फिरतंय. रोल नसला की ढिम्म. थांब, नदीचा एक काढतो. खट् वाजलं? आता कळ ओढतो. फिरलं का?

दैवशाला : फिरलं.

बन्सीधर : तुझ्या आईच्या येळंला कळ ओढलीच न्हाई. फोटो काढलाच न्हाई, तर ओढू कशाला?

दैवशाला : गप बसा. आबा यायलेत. त्यांच्यापुढं ह्यातलं अक्षर काढू नका. त्यांना वाटायलंय, फोटू हाय. आजच्या दिवशी त्यांचं काळीज नका तोडू.

व्यंकटी : काय बसलाव वाळूत? तिकडं पालमचे पाव्हणे खोळंबलेत. म्हणतेत, दिस बुडायच्या आत फोटू उरका, मंग निघू.

दैवशाला : निघायलोत आबा. सुमनला हाक मारा.

व्यंकटी : तू रडायलीस कामून?

दैवशाला : बहीण चालली म्हून.

बन्सीधर : व्यंकटीभाऊ, मला तुमाला कायतरी सांगायचंय.

दैवशाला : मामा!

बन्सीधर : न्हाई बाई. तिच्या येळंला अंधारात बसलो. आता न्हाई बसत. व्यंकटीभाऊ, छबूबाईंचा तो फोटो...

व्यंकटी : न्हाई त्यो. ठाऊक हाय मला.

दैवशाला : काय ठाऊक हाय तुमाला?

व्यंकटी : सकाळीच तिचा कोयता पाटावर ठिवलाय म्या. धुतला, पुसला, हळदकुंकू लावलं. सुमन त्याच्याच पाया पडंल. फोटू येणार न्हाई, म्हाईत व्हतं.

दैवशाला : आबा, कुणी सांगितलं तुमाला?

व्यंकटी : तुझ्या आईनं. तुझं लगीन झालं त्याच सांजंला. चुलीपुढं बसून.

बन्सीधर : पण तिला कसं कळलं? मी कुणापशी बोललो न्हवतो.

व्यंकटी : दिसभर तुमच्या मागं व्हती की ती, भाऊ. बगत व्हती. तुमी फोटू काढला की खट् वाजायचं, मंग अंगठ्यानं कायतरी वढायचे. दर बारीला. तिच्या येळंला खट् न्हाई, अंगठा बी न्हाई. मला म्हणली, "भाऊनं माझा काढला न्हाई बगा."

दैवशाला : आन मला म्हणायची, धुवायला टाकलाय!

व्यंकटी : तुझ्या लग्नाची याद हाय म्हणली. त्याच्यात खोट नको. लेकीला सांगू नका.

बन्सीधर : मंग दुकानात कशाला यायची? तीन बारी आली होती, व्यंकटीभाऊ. फोटो न्हाई हे ठाऊक असताना?

व्यंकटी : तीन न्हाई, पाच बारी. दोन बारी दुकान बंद व्हतं.

दैवशाला : कशाला जायची आबा?

व्यंकटी : त्यांच्या दुकानात पडदा हाय म्हणं मोठा. डोंगर, मोर, आन म्होरं खुर्ची. त्यो लय आवडला व्हता तिला. जायचं असलं की तुझ्या लग्नातलं हिरवं लुगडं काढायची. मोठं कुंकू लावायची. फोटू मागाय न्हवती जात ती. तिला वाटायचं, भाऊला सोताहून याद येईल. म्हणंल, बाई, तवा तुझा ऱ्हायला, आता बस.

दैवशाला : मंग तोंडानं म्हणायचं की, काढा म्हून!

व्यंकटी : म्या बी तेच म्हणलो. सरळ सांग त्याला. तर म्हणली, "न्हाई. भाऊ म्हणलंय त्याला. मी बोलले तर त्यो शरमंल."

बन्सीधर : मी तिला बस म्हणलो न्हाई, व्यंकटीभाऊ. एक बारी बी म्हणलो न्हाई.

व्यंकटी : न्हाई. उभ्याउभ्याच परत यायची.